करप्या माळावरची गुणी पिल्लं

आंबेझरीच्या रानात झरे सात होते. त्यांतले दोन वाहायचे, दोन राजवाड्याकडे वळवलेले होते आणि तीन नकाशात होते. वाघ एक होता, म्हणून तोच राजा होता. मंत्री नऊ होते. धान्याचं कोठार एक होतं आणि त्याला दारं दोन होती, पुढचं कुलूपबंद आणि मागचं रानडुकराच्या अंगाएवढं. बालवाड्या जाहीरनाम्यात चाळीस, फलकांवर अकरा आणि जमिनीवर दोन होत्या. एक राजवाड्याच्या अंगणात होती आणि दुसरी करप्या माळावर.

वणवा लागून गेल्यापासून त्या उताराला करपा म्हणत. ज्यांना दुसरीकडे बीळ मिळायचं नाही ते तिथे राहत. माळावर एक उंबर होता. उंबराखाली एक सपाट दगड, दगडाशेजारी आंबील ओतायची एक दगडी डोणी, तीन रंगांचे खडे, ठकूबाई नावाची एक साळिंदर आणि पिल्लं. पिल्लं किती, हा प्रश्न नागनाथ मुंगसाने शास्त्रीय पद्धतीने सोडवला. त्याने ती तीनदा मोजली. एकोणीस भरली, मग अठरा, मग पुन्हा एकोणीस. दुसऱ्या खेपेला भेकराचं पाडस त्याला दगड वाटलं होतं. त्याने सरासरी काढली आणि राजधानीला कळवलं: पिल्लं अठरा पूर्णांक दोन तृतीयांश.

कोठारात अपूर्णांक चालत नाहीत. म्हणून आंबिलीची नाचणी अठरा पिल्लांपुरती आली. एकोणिसाव्याच्या वाट्याला अचूकता आली.

नागनाथ राजधानीतल्या वडाखालच्या विद्यापीठातून मोजमापशास्त्र शिकून नुकताच बाहेर पडला होता. पानाच्या टोकावरून थेंब किती वेळाने सुटतो, हा त्याचा प्रबंध. त्या रानात हा विषय समजणारे तिघे होते आणि ते एकमेकांशी बोलत नसत. मुंगसाचं नाव नागनाथ कसं, असं कोणी विचारलं की तो सांगे, "मी जन्मलो त्या दिवशी आईने जे खाल्लं होतं, त्याची आठवण म्हणून." हा विनोद तो स्वतःच आधी करून टाकी, म्हणजे दुसऱ्याला तसदी पडत नसे.

आंबेझरीत लोकशाही होती. वर्षातून एकदा सगळे प्रौढ प्राणी खिंडीतल्या पटांगणात जमत. राजा मधल्या कातळावर बसे. कोतवाल ओरडून विचारी, "ज्याला ठराव मान्य नसेल त्याने जागचं हलावं!" मग मोजणी होई. आजवर कोणी हललं नव्हतं. नागनाथला ही पद्धत मनापासून आवडे. पळणारे, उडणारे, बसणारे प्राणी मोजताना चूक होऊ शकते. न हलणारे मोजणं सोपं. "इतक्या कमी चुकीची निवडणूक दुसऱ्या कुठल्याही रानात होत नसेल," असं तो मित्रांना सांगे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

निवडणूक जवळ आली की राजाला पिल्लं आवडू लागत. एरवीही आवडत, पण तेव्हा कारण वेगळं असे. त्या वर्षी पोषणमंत्री वराहपंत कातळाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही सुळे चमकवत घोषणा केली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आजचं पिल्लू हे उद्याचं जनावर आहे!" टाळ्या झाल्या. "बिळाबिळांत ज्ञान, कानाकानांत ज्ञान! करप्या माळावरचं शेवटचं पिल्लू शिकल्याशिवाय हा वराह एक दाणासुद्धा तोंडात घालणार नाही!"

हे ऐकून कोठाराचा पहारेकरी हसला. त्याची दुसऱ्या दिवशी बदली झाली.

पिल्लं शिकतात की नाही हे कळायला हवं, म्हणून नागनाथची बालप्रगती मोजणी अधिकारी या पदावर नेमणूक झाली. पद नवीन होतं आणि शेपटीचा झुपका विंचरलेला होता. नागनाथ उत्साहाने कामाला लागला.

पहिला प्रश्न होता, मोजायचं काय. पिल्लांना रंग ओळखता येतात का, हे मोजता आलं असतं. पण लाल आणि तांबडा यांच्या मधल्या रंगाचं काय करायचं? पिल्लं प्रश्न विचारतात का, हेही बघता आलं असतं. पण चांगला प्रश्न आणि आगाऊ प्रश्न यांतली सीमारेषा विद्यापीठातही ठरलेली नव्हती. विचार करता करता त्याला एक गोष्ट सापडली जी अगदी नेमकी मोजता येते. ती म्हणजे एका जागी शांत बसणं. आता जे इतकं नेमकं मोजता येतं तेच शिक्षणातलं सगळ्यांत महत्त्वाचं असणार, नाहीतर ते इतकं नेमकं मोजता का आलं असतं? या युक्तिवादावर तो दोन दिवस खूश होता.

त्याने पळसाच्या पानांचा एक द्रोण केला आणि त्याच्या बुडाला काट्याने बारीक भोक पाडलं. द्रोण पाण्याने भरून टांगायचा. थेंब थेंब करत तो रिकामा होईपर्यंत जे पिल्लू हलणार नाही त्याला शंभर गुण. आधी हललं तर उरलेल्या पाण्याच्या हिशेबाने कमी. श्वास घेताना अंग थोडं हलतंच, म्हणून त्याने चुकीची मर्यादाही ठरवली: तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीपेक्षा कमी हालचाल ही हालचाल धरायची नाही. नियम सगळ्यांना सारखा, पिल्लू असो वा प्रौढ.

करप्या माळावर तो वाऱ्याच्या वरच्या अंगाने, रीतसर, समोरून आला. ठकूबाई काटे मिटवून उभी राहिली.

"या सायेब. पोरं बसलीत बघा."

पोरं खरोखरच बसली होती. सशाची सहा, उंदरांची पाच, तितराची चार, खारीची तीन आणि ते पाडस. नागनाथने द्रोण टांगला. पहिला थेंब पडला. एकाही पिल्लाने मान वळवली नाही. माशी पाडसाच्या नाकावर बसली, फिरली, कंटाळून उडाली. सगळ्यांत पुढे सोनकी नावाची सशाची पोर बसली होती, इतकी निश्चल की नागनाथला तिच्याबद्दल आदर वाटू लागला. द्रोण रिकामा झाला. एकोणीस पिल्लं, प्रत्येकी शंभर.

"बाई," तो भारावून म्हणाला, "हे तुम्ही कसं साधलंत?"

ठकूबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डोणीकडे पाहिलं. डोणीत आंबील तळाला गेली होती.

"शंभर लई असत्यात का, सायेब?"

"याच्या वर आकडाच नाही."

"मग नाचणी येईल न्हवं?"

"आता कोण अडवणार?" नागनाथ म्हणाला.

तुलना केल्याशिवाय शास्त्र पुरं होत नाही, म्हणून त्याने राजवाड्याच्या अंगणातली बालवाडीही मोजली. तिथे वराहपंतांची सात पोरं होती आणि राजाचे दोन मानलेले भाचे. पहिला थेंब पडायच्या आत एक डुकराचं पोर नागनाथच्या पाठीवर बसलं. दुसऱ्याने त्याला विचारलं, "तू उंदीर आहेस का खार?" तिसऱ्याने द्रोण खाल्ला. राखीव द्रोण टांगून घेतलेल्या परीक्षेत त्या बालवाडीची सरासरी आली शंभरपैकी चार.

आकडे दरबारात वाचले गेले. वराहपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"महाराज! म्हणजे या रानातली खरी मागासलेली पिल्लं कोण? माझी! आजवर आपण करप्या माळाला वंचित समजत होतो. शास्त्राने आपले डोळे उघडले. माझी लेकरं वंचित आहेत, महाराज! चार गुण!"

"अरेरे," राजा म्हणाला.

"त्यांना दुप्पट खुराक द्यायला नको?"

"द्या."

"आणि करप्या माळाने तर शंभर गाठले. उद्दिष्ट पूर्ण झालं. ज्याची तहान भागली त्याला पाणी पाजणं हा पाण्याचा अपमान आहे!"

करप्या माळाची नाचणी राजवाड्याच्या अंगणात वळवण्यात आली. ती तिथे पोचेपर्यंत कोठाराच्या मागच्या दारातून गेली, म्हणजे वाट थोडी लांबची झाली. नागनाथला हा निष्कर्ष किंचित विचित्र वाटला. पण आकडे त्याचेच होते आणि बेरीज बरोबर होती. शिवाय राजाने त्याच्याकडे वळून पाहिलं होतं. राजाने पाहिल्यावर नागनाथच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं होतं. तो अभिमान असावा, असं त्याने ठरवलं.

त्यानंतर गोष्टी भराभर होत गेल्या. 'शांत पिल्लू, सुखी रान' अशा पाट्या झाडाझाडांवर लागल्या. पोपटांना ते वाक्य पाठ करायला लावलं, आणि पोपटांनी ते अर्थ न विचारता केलं, म्हणून त्यांना शंभर गुण मिळाले. निवडणुकीतही आता द्रोण वापरायचं ठरलं. पूर्वी कोतवाल तीनपर्यंत मोजे. आता द्रोण रिकामा होईपर्यंत विरोधकांना हलायची मुभा राहील, हे लोकशाहीचं पुढचं पाऊल होतं. मोजणी अधिकारी अर्थातच नागनाथ.

मग वराहपंतांनी गवती वाघ योजना मांडली. पिल्लांनी गप्प बसावं एवढंच साधायचं असेल तर साळिंदर कशाला हवी? तिला खायला लागतं, ती आंबील मागते. त्याऐवजी करप्या माळावर गवताचा एक वाघ उभा करावा. त्याला पगार नाही, रजा नाही, मागण्या नाहीत. परिणाम तोच. योजना येत्या सभेत मतदानाला ठेवायची होती. करप्या माळावरची पिल्लं त्या दिवशी कातळासमोर बसवायची, म्हणजे सगळ्या रानाला शिक्षणाचं फळ डोळ्यांनी दिसेल.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी नागनाथ दुसऱ्या मोजणीसाठी करप्या माळाकडे निघाला. एकच निष्कर्ष दोनदा आल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. वाटेत ओढ्याकाठी रानडुकरांची लोळायची चिखलाची लोळण होती. तिच्याकडे न बघता तो द्रोणाचं भोक तपासत चालला होता, त्यामुळे तो तिच्यात पडला. बाहेर आला तेव्हा शेपटीपासून नाकापर्यंत चिखल होता आणि अंगाला डुकराचा वास होता. लाज वाटून त्याने नेहमीची वाट सोडली आणि खालच्या बाजूने, करवंदीच्या जाळीआडून तो वर चढला.

उंबराखालून गोंगाट येत होता.

इतका गोंगाट त्याने राजवाड्यातही ऐकला नव्हता. कोणी खड्यांवरून भांडत होतं. पाडस विचारत होतं, "बाई, सावली दुपारी कुठं जाती?" आणि तितराची दोन पोरं एकाच वेळी उत्तर देत होती, दोन्ही चूक. मधे मोकळी जागा करून पिल्लांचा एक खेळ चालला होता. हिरू नावाचं उंदराचं पोर शेपटी ताठ करून, मान उंचावून, अगदी सावकाश चालत होतं. एका पंजात उंबराचं पान द्रोणासारखं धरलं होतं.

"बाई, पिल्लं किती?" हिरूने नाकातून विचारलं.

"एकोनीस, सायेब!" एक खार ओरडली.

"चूक! अठरा आणि दोन तृतीयांश! बाकीचं एक तृतीयांश पिल्लू कुठं गेलं?"

"ते जेवाया गेलं, सायेब! दोन तृतीयांश हितं उपाशी बसलंय!"

पिल्लं लोळून हसली. नागनाथ जाळीआड थिजून उभा राहिला. मग हिरू सोनकीपुढे गेला. सोनकी डोळे वटारून, अंग आखडून बसली.

"नाव काय तुझं?"

सोनकी गप्प.

"शाबास! शंभर! ह्यो खडा कोणत्या रंगाचा?"

गप्प.

"वा! आनखी शंभर! आता नीट आठवून सांग, मेलीस का जिती हायस?"

सोनकी आडवी झाली आणि तिने चारही पाय वर केले.

"अहाहा!" हिरूने पान कपाळाला लावलं. "दोनशे! राजाला कळवा, पोर हुशार निघाली!"

चालणं हुबेहूब होतं. नागनाथला आजवर वाटत होतं की आपण झपझप चालतो. त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं, दाबलेलं हसू चिखल भरलेल्या नाकात गेलं आणि तो शिंकला.

गोंगाट थांबला. एकोणीस पिल्लं होती तिथे, होती तशी गोठली. सोनकीचे पाय वरच राहिले. हिरूच्या पंजातलं पान वाऱ्याने हललं, पंजा हलला नाही. नागनाथने घाबरून मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

मागे कोणी नव्हतं.

त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग जाळीतून बाहेर येऊन डोणीत पाहिलं. आंबील संपली होती, तळाशी धुवायला ओतलेलं थोडं पाणी होतं. त्या पाण्यात एक मुंगूस दिसत होतं. दात अगदी पांढरे होते. विद्यापीठात दातांची निगा हा सक्तीचा विषय होता.

"खालच्या अंगाला बसा, सायेब," ठकूबाई म्हणाली. "वारा आमच्याकडनं तुमच्याकडं यायला पायजे. आनि तोंड मिटून."

तो बसला. ठकूबाई पिल्लांच्या मधोमध उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कान."

आधी काहीच झालं नाही. मग सोनकीचा एक कान थरथरला. मग सशांचे कान, उंदरांचे कान हलले. तितरांनी पापण्या हलवल्या, कारण त्यांचे कान दिसत नाहीत.

"नाक."

नाकं हलली.

"पाय."

सोनकीने एक पाय खाली घेतला, मग दुसरा.

"आता नाव."

"सोनकी!" ती ओरडली. "हिरू!" "बिजली!" "म्हादू!" एकेक करत एकोणीस नावं माळावर उमटली आणि गोंगाट पुन्हा सुरू झाला, थोडा लांब सरकून.

"थिजायचं त्यांच्या आया शिकवत्यात," ठकूबाई म्हणाली. "त्ये चांगलंच हाय, जीव वाचतो. पर पुन्हा हलायचं कसं, हे कोन शिकवतं? दोन सालामागं एक पाडस वाघाला बघून थिजलं. वाघ सकाळीच गेला. पाडस उन्हात तसंच उभं. सांजच्याला पडलं. तवापासून हितं एवढाच धडा हाय. बाकी खडे, रंग, गानी, त्ये सगळं हलता आल्यावर."

नागनाथने चिखलाने भरलेला द्रोण खाली ठेवला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. समद्या सायबांस्नी ठावं असतं." ती डोणीच्या काठावरची वाळकी नाचणी काट्याने खरवडत राहिली. "आनि खरं सांगू? तुम्ही शंभर म्हनालात, मला आंबील दिसली. बोलले असते तर आकडा खाली आला असता. मी बी थिजलेच की, सायेब. माझ्या अंगावर येवढे काटे असून."

तिच्या काट्यांआडून सोनकीचं तोंड बाहेर आलं. काटे टोचू नयेत म्हणून कोणत्या बाजूने शिरायचं हे तिला पाठ होतं.

"सायेब, तुम्ही आमाला खाता व्हय?"

नागनाथ खोटं बोलत नसे. "सरकारी कामावर असताना नाही."

"मग तुमची सुट्टी कधी असती?"

"सोनके!" ठकूबाई म्हणाली.

"इचारलं नुसतं." सोनकी जरा पुढे आली. "उंद्या गवताचा वाघ आला म्हंजी बाई जानार?"

"ठराव झाला तर."

"मग आमाला कान कोन म्हननार? गवताचा वाघ तर जातच न्हाई. त्यो रातंदिस हितंच. मग हलायचं कवा?"

आगाऊ प्रश्न आणि चांगला प्रश्न यांतली सीमारेषा नागनाथला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसली. तो उठून उभा राहिला. चिखल वाळून त्याच्या अंगाला तडे गेले होते.

"ठराव होणार नाही," तो म्हणाला. "मोजमाप चुकलं होतं, एवढंच सांगायचं आहे. मोजणारा समोर असला की पिल्लं घाबरतात, मोजणारा लपला की बोलतात. सरळ गोष्ट आहे. मी सभेत एक पाऊल पुढे टाकेन. मग मला बोलू द्यावंच लागेल, कायदाच तसा आहे."

"तुम्ही कुनाला घाबरत न्हाई?" सोनकीने विचारलं.

"शास्त्र कोणाला घाबरत नाही."

"शास्त्र न्हवं. तुम्ही."

नागनाथने या प्रश्नाचं उत्तर पुढच्या मोजणीवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत सभा भरली. कातळासमोर एकोणीस पिल्लं ओळीने बसवलेली होती. त्यांच्यामागे ठकूबाई होती. ठराव तिच्याच जागेबद्दल असल्याने ती हितसंबंधी ठरली होती आणि तिला मत नव्हतं. वराहपंतांचाही कोठाराशी संबंध होता, पण तो कौटुंबिक स्वरूपाचा असल्याने चालला. पिल्लांच्या आया मागच्या रांगांत होत्या. नागनाथ द्रोणाजवळ उभा होता. त्याने रात्रीच भाषण पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'महाराज, एका चुकीची नोंद घ्यावी.'

"बंधूंनो आणि भगिनींनो!" वराहपंत म्हणाले. त्या सकाळी त्यांची दोन वंचित पोरं अतिखाण्याने आजारी पडली होती, तरी ते आले होते. "बघा या लेकरांकडे! भूक लागली तरी रडत नाहीत! यालाच मी संस्कार म्हणतो! जुनी बालवाडी म्हणजे खर्च, गवती वाघ म्हणजे भविष्य! एक वाघ राजवाड्यात, एक वाघ बालवाडीत! शांत पिल्लू..."

"सुखी रान!" पोपट म्हणाले.

वाघ कातळावर आला. त्याने जांभई दिली. जांभईत करप्या माळावरची सगळी कुटुंबं मावली असती.

"ज्याला ठराव मान्य नसेल," कोतवाल ओरडला, "त्याने जागचं हलावं!"

नागनाथने द्रोणाचं भोक मोकळं केलं. पहिला थेंब पडला. आता एक पाऊल. त्याने उजव्या पायाला पुढे जायला सांगितलं. पाय गेला नाही. त्याने डाव्याला सांगितलं. वाघाचा वास वाऱ्यावरून थेट त्याच्याकडे येत होता, आणि त्याला कुतूहलाने जाणवलं की आपले चारही पाय आपल्या ताब्यात नाहीत. पिल्लं थिजतात तेव्हा ती धीराने बसलेली असतात, असं त्याला वाटलं होतं. ते तसं नव्हतं. हे नवीन निरीक्षण होतं आणि त्याची नोंद घ्यायला हवी होती, पण नोंद घ्यायला पंजा लागतो.

द्रोण अर्धा झाला. वाघ त्याच्याकडेच बघत होता. दरबारात अंगातून जे सरसरत गेलं होतं तो अभिमान नव्हता, हेही त्याला आता कळलं.

पहिल्या रांगेतून सोनकी त्याच्याकडे बघत होती. ती राजाकडे बघत नव्हती. तिने ओठ न हलवता काहीतरी म्हटलं, आणि मग तिचा उजवा कान हलला. मुद्दाम, सावकाश, जणू ती वर्गातल्या सगळ्यांत मठ्ठ पोराला दाखवत होती. कान.

नागनाथने सगळं बळ उजव्या कानात गोळा केलं. प्रबंध लिहितानाही त्याने एवढी मेहनत घेतली नव्हती.

सोनकीचं नाक हललं. मग तिचा पाय. मग ती उभी राहिली आणि तिने सगळ्या खिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोनकी!"

"हिरू!"

"बिजली!"

"म्हादू!"

एकेक करत सगळी उठली. पाडस सगळ्यांत शेवटी उठलं आणि त्याने आपलं नाव इतक्या जोरात सांगितलं की प्रतिध्वनीने ते दोनदा परत सांगितलं. ठकूबाईचे सगळे काटे उभे राहिले होते. मागच्या रांगांत पिल्लांच्या आया डोळे विस्फारून बघत होत्या आणि हलत नव्हत्या.

राजाने एक भुवई उचलली. "हे काय आहे?"

"पिल्लं आहेत, महाराज," वराहपंत घाईने म्हणाले. "अज्ञान आहेत. मतदार नाहीत."

"मग हिशेबात धरू नका."

शेवटचा थेंब पडला. राजा उठला, त्याने शेपटी झटकली आणि वळवलेल्या झऱ्याकडे पाणी प्यायला गेला. वास पातळ झाला. तेव्हा नागनाथला आवाज फुटला.

"मोजणी अधिकारी!" कोतवालाने विचारलं. "निकाल?"

नागनाथने पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. तोंडातून आले ते सवयीने आकडेच.

"उपस्थित मतदार दोनशे अकरा. नागनाथ मुंगूस, उजवा कान, तांदळाचा अर्धा दाणा, चुकीच्या मर्यादेत. हललेले मतदार शून्य. ठराव एकमताने मंजूर."